एक गाणं, एक गाव आणि पस्तीस वर्षं

१९६३ सालचा मार्च महिना. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, ग्रीनवुड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर एका दुकानासमोर गाडी थांबली. उतरलेला तरुण गोरा होता, परराज्यातला होता. टॉम हॉस्किन्स त्याचं नाव. दुकानात बसलेल्यांना त्याने विचारलं, जॉन हर्ट नावाच्या गाणाऱ्याबद्दल इथे कुणाला काही माहीत आहे का? त्या माणसाने पस्तीस वर्षांपूर्वी काही रेकॉर्डी केल्या होत्या. तो हयात आहे की नाही, हेही विचारणाऱ्याला ठाऊक नव्हतं. उत्तर मिळालं ते अगदी घरगुती: याच रस्त्याने मैलभर जा, तिसरी टपालपेटी लागेल, तिथून टेकडी चढा.

टेकडीवरच्या घरात सत्तरीचा एक कृष्णवर्णीय शेतमजूर राहत होता. गुरं राखायची, मालकाच्या शेतावर पडेल ते काम करायचं, हे त्याचं आयुष्य. दारात अनोळखी गोरा माणूस पाहून तो घाबरला. हा सरकारी पोलीस असणार, आणि आपण तर काहीच केलेलं नाही, असं त्याच्या मनात आल्याचं त्याने पुढे अनेकांना सांगितलं. हॉस्किन्सने आपल्याजवळची गिटार पुढे केली. म्हाताऱ्याकडे स्वतःची गिटार तेव्हा नव्हती. त्याने ती मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. रेकॉर्डवर ऐकलेला हात हाच, याबद्दल मग शंका उरली नाही.

मिसिसिपी जॉन हर्ट या लोकगायकाच्या पुनरागमनाची कथा इथून सुरू होते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ‘पुनरागमन’ हा शब्द मात्र मला इथे खटकत आला आहे. परत येण्यासाठी आधी कुठेतरी जावं लागतं. जॉन हर्ट कुठेही गेला नव्हता. तो त्याच मातीत, त्याच लोकांत होता. निघून गेलं होतं ते ऐकणारं जग. ते परत कसं आलं, कशाच्या आधाराने आलं आणि किती उशिरा आलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

भीती कशाची होती

त्या दिवशीची जॉनची भीती समजून घ्यायची, तर तो महिना आणि तो मुलूख डोळ्यांसमोर आणायला हवा. जवळच्याच ग्रीनवुडमध्ये त्या वेळी कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्याची चळवळ पेटली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्यावर ग्रीनवुडजवळ चालत्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. मार्चच्या अखेरीस नोंदणीसाठी निघालेल्या लोकांवर पोलिसांनी कुत्री सोडली. त्याच परिसरात १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला गोऱ्यांनी उचलून नेऊन मारलं होतं, आणि ज्यांच्यावर खटला चालला ते निर्दोष सुटले होते. अशा मुलखात परराज्यातला गोरा तरुण एका कृष्णवर्णीय मजुराच्या दारात उभा राहतो आणि ‘माझ्याबरोबर वॉशिंग्टनला चला’ म्हणतो. सत्तर वर्षांच्या माणसाने यावर विश्वास का ठेवावा?

तरी त्याने तो ठेवला. जायला तर हवंच, नाही म्हटलं तर हे आपल्याला नेल्याशिवाय राहणार नाहीत, असाही त्यात काही भाग असावा. जगाला जो प्रसंग शोधाच्या आनंदाचा वाटतो, तो त्या घराच्या आतून पाहिला तर असा दिसतो.

काळी ॲनी

जॉन स्मिथ हर्टचा जन्म मिसिसिपीच्या कॅरोल काउंटीतल्या टिओक इथला. साल १८९२ की १८९३, यावर नोंदींचं एकमत नाही. तो लहान असतानाच कुटुंब शेजारच्या ॲव्हलॉन या वस्तीत आलं आणि तेच त्याचं गाव झालं. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर शेती.

गिटारचा नाद नवव्या वर्षी लागला. शाळेतला एक शिक्षक हर्टांकडे उतरायचा, तो गिटार वाजवायचा. तो झोपला की पोरगा हळूच ती गिटार घ्यायचा आणि चाचपडत वाजवायचा. मग आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार विकत आणून दिली. तिचं नाव ‘ब्लॅक ॲनी’, काळी ॲनी. शिकवायला कुणी नव्हतं. गिटारचा आवाज आपल्याला जसा असावासा वाटतो तसा तो निघेपर्यंत बोटं हलवत राहायची, हीच तालीम.

या एकट्याने केलेल्या तालमीतून काय तयार झालं, ते पाहायची सोय आज आहे. पीट सीगर या गायकाने १९६५-६६ मध्ये ‘रेनबो क्वेस्ट’ नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. त्याच्या एका भागात जॉन हर्ट आहे. कृष्णधवल चित्र, डोक्यावर त्याची नेहमीची हॅट, सुरकुतलेला हसरा चेहरा. चेहरा सोडा आणि उजव्या हाताकडे पाहा. अंगठा जाड तारांवर आळीपाळीने पडतो: एक खालचा सूर, एक वरचा, पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. हे गाणं संपेपर्यंत थांबत नाही. आपल्याकडे भजनात डग्गा जसा गाणं खांद्यावर घेऊन चालतो, तसा हा अंगठा चालतो. पहिलं बोट आणि मधलं बोट पातळ तारांवर गाण्याची चाल वाजवतात, पण ती अंगठ्याच्या ठोक्यावर पडत नाही. ती दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते, कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर. कानाला वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. दिसतो एकच हात, आणि तोही फारसा हलत नाही.

गिटार शिकणाऱ्या कुणालाही हे करून पाहायला सांगा. अंगठा सरळ चालेपर्यंत ठीक असतं. बोटं मध्ये आली की अंगठा त्यांच्या मागे धावतो आणि सगळं कोसळतं. मी स्वतः अनेक महिने यातच अडकलो होतो. अंगठा इतका अंगात मुरावा लागतो की त्याच्याकडे लक्ष द्यायची गरजच उरू नये. जॉनच्या हातात हे मुरलं ते लहानपणी, शेतावरून आल्यावर घराच्या ओसरीत बसून.

गळाही तसाच. मिसिसिपीचे ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, म्हटलं की खरखरीत, छाती फाडून येणारा आवाज आठवतो. जॉनचा आवाज मऊ होता, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा. त्याच्याकडे ब्लूज होते, शिवाय भजनं होती, नाचाची गाणी होती आणि खऱ्या घटनांवरची लांब कथागीतं होती. त्याचं ‘फ्रँकी’ हे गाणं १८९९ साली सेंट लुइस शहरात झालेल्या एका खुनावरून लोकांत पसरलेल्या गीताचं रूप. ‘लुइस कॉलिन्स’ हे त्याने स्वतः रचलेलं, मुलखातल्याच एका मारल्या गेलेल्या माणसावरचं. काही महिने तो रेल्वेच्या कामावर होता. तिथे रूळ टाकणाऱ्या मजुरांकडून उचललेलं ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ हे हातोडा खाली ठेवून निघालेल्या मजुराचं गाणं. घडलेली गोष्ट गावोगाव गाऊन सांगायची, हे काम आपल्या शाहिराला नवं नाही. जॉन हर्ट हा त्या अर्थाने शाहिरांच्या भावकीतला, फक्त आवाज चढवायची त्याला गरज वाटत नसे.

१९२८

शनिवारच्या नाचांना तो वाजवायचा. विली नार्मर हा तिथलाच एक गोरा फिडलवादक. त्याचा नेहमीचा गिटारवाला शेल स्मिथ मिळाला नाही, की नार्मर जॉनला सोबत घ्यायचा. वंशभेदाच्या कायद्यांनी माणसं रेल्वेच्या डब्यांपासून दफनभूमीपर्यंत वेगळी केली होती, तरी नाचाच्या अंगणात एक गोरा आणि एक काळा शेजारी बसून एकच सूर वाजवत होते. पुढे नार्मरला ‘ओके’ या रेकॉर्ड कंपनीकडे वाजवण्याची संधी मिळाली, तेव्हा त्याने कंपनीच्या टॉमी रॉकवेलला जॉनचं नाव सुचवलं. रॉकवेल ॲव्हलॉनला आला आणि जॉनला घरी ऐकून गेला.

१४ फेब्रुवारी १९२८ रोजी मेम्फिसमध्ये जॉनने आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली दोनच बाजारात आली. उरलेली सहा आज ऐकायला मिळत नाहीत. त्या वर्षाच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं: न्यूयॉर्कला या, पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्यामागे २० डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊ. कॅरोल काउंटीचा शेतकरी डिसेंबरच्या थंडीत न्यूयॉर्कला पोचला. २१ आणि २८ डिसेंबर असे दोन दिवस ध्वनिमुद्रण झालं. परक्या शहरात घराची ओढ लागली आणि त्याने एक गाणं रचलं. त्यात आपल्या गावाचं नाव घातलं. ‘ॲव्हलॉन ब्लूज’ असं ते गाणं. या लेखातलं सगळं पुढे या एका नावावर टेकलेलं आहे.

नावापुढे ‘मिसिसिपी’ जोडलं ते कंपनीने, खपासाठी. त्या दोन वाऱ्यांमधली तेरा गाणी आज आपल्यापर्यंत पोचली आहेत.

लाख आणि विस्मृती

लगेच पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. तिथे १९२७ साली दहा कोटींच्या आसपास रेकॉर्डी विकल्या जात, तो आकडा १९३२ पर्यंत साठ लाखांवर घसरला, असं त्या व्यवसायाचे अभ्यासक सांगतात. खेड्यापाड्यातल्या गायकांना शोधत फिरणाऱ्या कंपन्यांनी फिरणं बंद केलं. जॉनला पुन्हा बोलावणं आलं नाही. तो शेतावर परतला.

त्या रेकॉर्डींचं पुढे काय झालं? मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेपासून बनायच्या. लाख म्हणजे आपल्याकडे बांगड्यांना लागते तीच, पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर किडे जी तयार करतात ती. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जाई, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून. आदिवासी हातांनी फांद्यांवरून खरवडलेली लाख बोटीने अमेरिकेला जायची आणि तिच्या तबकडीवर मिसिसिपीच्या एका मजुराचा आवाज कोरला जायचा. ही लाख दिसायला कणखर, पण हातातून पडली की संपली. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून त्यांचा माल नव्यासाठी वापरला गेला. किती आवाज असे वितळले असतील, कोण मोजणार!

काही तबकड्या वाचल्या त्या हौशी संग्राहकांमुळे. हॅरी स्मिथ हा त्यांतला एक. १९५२ साली ‘फोकवेज’ या छोट्या कंपनीने त्याच्या संग्रहातली ८४ जुनी गाणी निवडून सहा लाँगप्ले रेकॉर्डींचा संच काढला: ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. जॉन हर्टची दोन गाणी त्यात होती, ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. गायक गोरा की काळा हे स्मिथने मुद्दाम कुठेच लिहिलं नाही. परिणाम असा झाला की जॉन हर्ट हा कुणी डोंगरी गोरा गायक असावा, असं ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना कित्येक वर्षं वाटत राहिलं. कंपन्यांनी गोऱ्यांची गाणी आणि काळ्यांची गाणी अशा दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या. कानाला मात्र ती भिंत ऐकू आली नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस शहरातली कॉलेजची मुलं हा संच ऐकून गिटार घेऊन बसू लागली. बॉब डिलनची पिढी ती हीच. या मुलांच्या लेखी जॉन हर्ट एक आवाज होता, एक लेबल होतं. त्याला वय नव्हतं, घर नव्हतं. तो बहुधा मेला असेल, असंच सगळे धरून चालले होते.

गाण्यातला पत्ता

वॉशिंग्टनच्या आसपास राहणारे टॉम हॉस्किन्स आणि डिक स्पॉट्सवुड हे जुन्या रेकॉर्डींच्या मागे लागलेले दोन तरुण. त्यांच्या हाती ‘ॲव्हलॉन ब्लूज’ची ध्वनिफीत लागली. हे गाणं स्मिथच्या संचात नव्हतं. त्यात गायक स्वतःच्या गावाचं नाव घेतो, हे त्यांनी ऐकलं. चालू नकाशात ॲव्हलॉन सापडेना. मग १८७८ सालचा एक जुना नकाशासंग्रह चाळला, त्यात ते निघालं, ग्रीनवुड आणि ग्रेनाडाच्या मध्ये एक ठिपका. हॉस्किन्स गाडी घेऊन निघाला.

एवढा सगळा शोध तीन मिनिटांच्या गाण्यातल्या एका शब्दावर उभा होता. १९२८ च्या त्या थंडीत जॉनला घराची आठवण आली नसती, किंवा आली असूनही त्याने गावाचं नाव न घेता नुसतं ‘माझं गाव’ म्हटलं असतं, तर कोणी कुठे जायचं? गायकाने आपला पत्ता गाण्यात लिहून ठेवला होता. पत्र पोचायला पस्तीस वर्षं लागली.

हे एकदाच घडलं असंही नाही. त्याच वर्षी जॉन फेही या गिटारवादकाने आणि त्याच्या मित्राने बुका व्हाइट या दुसऱ्या ब्लूज गायकाला असंच शोधलं. बुकाच्या एका जुन्या गाण्यात ॲबरडीन गावाचं नाव होतं. त्यांनी सरळ एक पत्र टाकलं: बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी. पत्र गावात पोचलं, तिथून कुणीतरी ते मेम्फिसला बुकाकडे पाठवलं, आणि उत्तर आलं.

साडेतीन वर्षं

जुलै १९६३ मध्ये जॉन हर्टने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी आपल्या गाण्यांचा मोठा साठा ध्वनिमुद्रित केला. त्याच महिन्याच्या अखेरीस तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांसमोर बसला. एक गोष्ट इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. त्याच जुलैच्या सुरुवातीला पीट सीगर, थिओडोर बायकेल आणि बॉब डिलन जॉनच्या मुलखात, ग्रीनवुडजवळच्या एका शेतावर, मतदार नोंदणीच्या सभेत गायला गेले होते. आणि तीन आठवड्यांनी त्याच मुलखातला एक शेतमजूर न्यूपोर्टच्या व्यासपीठावर आला. उत्तरेची गाणी दक्षिणेत गेली, दक्षिणेचं गाणं उत्तरेत आलं.

पस्तीस वर्षांच्या खंडानंतर वाजवणाऱ्याचा हात अडखळेल, अशी लोकांची अपेक्षा होती. १९२८ ची आणि १९६३ ची ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकली, तर आवाज थोडा खोल गेलेला जाणवतो, लय किंचित सैलावलेली. बाकी तेच. अंगठा तसाच चालतो. खंड पडला होता तो रेकॉर्डींत. ओसरीवर, शनिवारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत तो गातच होता, गिटार हाताशी असेल तेव्हा वाजवतच होता.

बायको जेसीला घेऊन तो वॉशिंग्टनला राहायला गेला. तिथल्या ‘ऑन्टॅरिओ प्लेस’ या कॉफीहाउसमध्ये तो नियमित गायचा. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’मध्ये दिसला. कॉलेजांतून हिंडला. त्याच्या ‘कॉफी ब्लूज’ गाण्यातल्या शब्दांवरून न्यूयॉर्कच्या काही तरुणांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं, ‘द लव्हिन स्पूनफुल’. व्हॅनगार्ड कंपनीसाठी त्याने जे ध्वनिमुद्रण केलं, त्यातला ‘टुडे!’ हा अल्बम १९६६ मध्ये आला. बाकीचे अल्बम त्याच्या मृत्यूनंतर निघाले. ध्वनिमुद्रणांच्या हक्कांवरून पुढे कोर्टकज्जेही झाले. शोधणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, आणि कागदावर सही घेणाऱ्याची आणि सही करणाऱ्याची ताकद सारखी नव्हती हेही खरं होतं. दोन्ही सांगितल्याशिवाय ही कथा प्रामाणिक होणार नाही.

शेवटी तो मिसिसिपीत परतला आणि ग्रेनाडा गावात राहिला. तिथेच २ नोव्हेंबर १९६६ रोजी हृदयविकाराने गेला. हॉस्किन्सने दार ठोठावल्यापासून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. ॲव्हलॉनच्या रानातल्या छोट्या दफनभूमीत तो विसावला आहे.

वॉशिंग्टनमधली दुसरी गिटार

जॉन वॉशिंग्टनला आला, तेव्हा त्याच शहरात त्याच्याच वयाची एक बाई अशीच नव्याने गात होती. एलिझाबेथ कॉटन. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरोचा, बहुतेक नोंदींनुसार १८९३ चा. लहानपणी लोकांकडे घरकाम करून साठवलेल्या पैशांतून तिने ३ डॉलर ७५ सेंटला गिटार घेतली. ती डावखुरी होती. तारा न बदलता उजव्या हाताची गिटार तिने उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली गेल्या, पातळ वर आल्या, आणि अंगठ्याने चाल, बोटांनी खर्ज असा उलटा संसार तिने मांडला. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं तिने रचलं तेव्हा ती बारा वर्षांच्या आतबाहेर होती.

मग लग्न, मूल आणि चर्च. ही ऐहिक गाणी सोडून दे, असं तिला चर्चमध्ये सांगण्यात आलं. तिने गिटार ठेवून दिली ती काही दशकांसाठी. साठीकडे झुकलेली असताना वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात ती बाहुल्यांच्या विभागात काम करत होती. तिथे चुकलेली एक लहान मुलगी तिने आईच्या हवाली केली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी सीगर. त्या ओळखीतून एलिझाबेथ सीगरांच्या घरी स्वयंपाकपाण्याला लागली. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असायची. घरात कुणी नसताना ती खाली काढून एलिझाबेथ वाजवू लागली, आणि एक दिवस मुलांनी ऐकलं.

मला या दृश्यापाशी थांबावंसं वाटतं. चार्ल्स आणि रूथ सीगर हे दांपत्य अमेरिकन लोकसंगीताचे नामवंत अभ्यासक. देशभरातून गोळा केलेल्या गाण्यांचं स्वरलेखन या घरात व्हायचं. आणि ज्या संगीतासाठी ध्वनिफिती मागवल्या जात, ते त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी भाजत उभं होतं. जवळचं ऐकू यायला किती वेळ लागतो! पण ऐकू आल्यावर त्या घराने तिचा हात सोडला नाही. त्या दांपत्याचा मुलगा माइक सीगर याने तिच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं, १९५८ मध्ये फोकवेजने तिची रेकॉर्ड काढली, आणि ती साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा व्यासपीठावर आली. दरम्यान ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडात पोचून १९५७ मध्ये गाजलं होतं, आणि त्याचे हक्क भलत्याच दोघांनी आपल्या नावावर लावले होते. तिचं नाव त्या गाण्याला परत मिळवून द्यावं लागलं. तिला मात्र वेळ मिळाला. नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये ती गेली.

उशिराची किंमत

प्रत्येकाचं असं झालं नाही. जून १९६४ मध्ये शोधणाऱ्यांच्या दोन तुकड्यांनी दोन हरवलेले गायक शोधले. सन हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये सापडला. त्याने गिटार कित्येक वर्षं सोडलेली होती, हात विसरले होते. ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने जुन्या रेकॉर्डी ऐकून आत्मसात केलेलं सन हाउसचंच वादन त्याला पुन्हा बसवून दिलं. शिष्याने गुरूला गुरूचीच विद्या परत केली, असं हे विरळा उदाहरण. स्किप जेम्स मिसिसिपीतल्या ट्युनिकाच्या रुग्णालयात आजारी सापडला. १९३१ नंतर त्याचं ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टला गायला, आणि पाचेक वर्षांनी कर्करोगाने गेला.

जॉन हर्टला साडेतीन वर्षं, स्किप जेम्सला पाच, एलिझाबेथ कॉटनला जवळजवळ तीस. यात कर्तृत्वाचा फरक नाही. कोण कधी दारात पोचलं, एवढाच फरक आहे. ज्यांच्या दारात कुणी पोचलंच नाही त्यांची नावं या यादीत नाहीत, कारण ती कुणालाच ठाऊक नाहीत.

आणि सापडलेलंही आपोआप टिकत नाही. ॲव्हलॉनमधलं जॉनचं घर त्याच्या नातीने जपून संग्रहालय केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळून गेलं. गाणी राहिली, कारण ती तोवर हजारो घरांत गेली होती.

आपल्या दारात

हे सगळं अमेरिकेतलं, आणि तिथेच राहू दे. तिथल्या गुलामीचा, मंदीचा, वंशभेदाचा इतिहास आपला नाही. पण एक गोष्ट मला या कथेने शिकवली आणि ती आपल्या प्रत्येक घराला लागू आहे. लोकगीतावर आपण सहज ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळे होतो. त्या एका शब्दात माणूस पुसला जातो. जॉन हर्ट सापडला, कारण त्याच्या गाण्यात गावाचं नाव होतं. बुका व्हाइट सापडला तोही गावाच्या नावामुळे. ‘फ्रेट ट्रेन’ एलिझाबेथचं म्हणून परत मिळालं, कारण तिच्या तोंडून ते आधी ऐकलेले लोक साक्षीला होते.

या दिवाळीत घरी जाल. आजी ओवी म्हणेल, एखादे काका भजनात पेटी ओढतील, शेजारची कुणी बाई भाऊबिजेचं गाणं म्हणेल. खिशातला फोन बाहेर काढा आणि ते टिपून घ्या, त्यांना विचारून. आणि गाणं संपल्यावर फोन लगेच बंद करू नका. त्यांच्याच आवाजात चार गोष्टी वदवून घ्या: नाव काय, गाव कुठलं, हे कुणाकडून शिकलात, आज तारीख काय. अर्धं मिनिट लागेल. पस्तीस वर्षांनी कुणाला त्या आवाजाचं घर शोधायचं असेल, तर त्याच्यापाशी पत्ता असला पाहिजे.